छंदाची वर्गणी भरावी की नाही?

मंडळाचे पत्र येते आणि घरात हिशेब सुरू होतो. हा पैसा वाया जातो की कामी येतो? लखनौच्या एका संगीत विद्यालयामागची कहाणी या प्रश्नावर बराच प्रकाश टाकते.

मार्च महिना आला की घरखर्चाच्या वहीत काही आकडे मुकाट्याने लिहिले जातात. मुलांची फी, विम्याचा हप्ता, घरपट्टी. यांवर कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो सगळ्यात खालच्या ओळीवर. आईच्या गायन मंडळाची वर्गणी, बाबांच्या तिकीट संग्राहक मंडळाची वर्गणी किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या निसर्ग मंडळाची वर्गणी. ‘‘गेल्या वर्षी किती वेळा गेलात?’’ असा प्रश्न येतो. उत्तर देणारा जरा चाचरतो आणि त्या ओळीवर काट पडते.

अनेक घरांत ही काट सगळ्यात आधी गृहिणीच्या छंदावर पडते आणि कित्येकदा ती स्वतःच मारते. ‘‘माझं काय, मी घरी बसून म्हणेन’’ असे म्हणून ती पेटीचे झाकण लावते. ते झाकण पुन्हा उघडायला कधी कधी दहा-दहा वर्षे लागतात. म्हणूनच ही काट मारण्यापूर्वी थोडा विचार करायला हवा. छंदासाठी वर्गणी भरली की नक्की काय विकत मिळते? आणि कोणती वर्गणी खरोखरच वाया जाते?

या प्रश्नांचे उत्तर शोधताना एका मराठी माणसाची गोष्ट उपयोगी पडते. लखनौच्या कैसरबागेत आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे. पण गोष्टीची सुरुवात होते मुंबईच्या एका हौशी मंडळात.

वकिलाचा छंद

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. शिक्षण चारचौघांसारखेच. १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली वकिलीची परीक्षा दिली आणि पुढे काही वर्षे वकिलीही केली. गाणे हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता, ती हौस होती. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकू लागले होते.

१८८४ साली, म्हणजे पदवी हाती येण्याच्याही आधी, चोवीस वर्षांचा हा तरुण गायन उत्तेजक मंडळीचा सभासद झाला. ही संस्था १८७० साली मुंबईतल्या पारशी गृहस्थांनी सुरू केली होती. ‘रास्त गोफ्तार’ या गुजराती पत्राचे संपादक कैखुश्रू काबराजी हे तिचे संस्थापक. घरंदाज लोकांनी चांगले गाणे ऐकावे, शिकावे, हा तिचा हेतू होता.

त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे काय होते, हे आज लक्षात येणे कठीण आहे. छापील पुस्तक नाही, ध्वनिमुद्रिका नाही, रेडिओ नाही. बंदिशी घराण्यांच्या गळ्यात होत्या. खाँसाहेब त्या मुलाला देत, जावयाला देत, वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या शिष्याला देत. एरवी खिशात पैसे असले तरी दार उघडेलच असे नव्हते. शिवाय एखादा उस्ताद घरी ठेवून शिकायचे तर संस्थानिकाची किंवा शेठसावकाराची ऐपत हवी. कॉलेजात शिकणाऱ्या पोराला ते कोठून जमणार?

हौशी मंडळाचे खरे गणित इथे लक्षात येते. एकट्याला न परवडणारी गोष्ट शंभर जणांनी मिळून परवडवायची, हेच ते गणित. एक माणूस उस्तादाला बोलावू शकत नाही, मंडळ बोलावू शकते. गायन उत्तेजक मंडळीत भातखंडे यांना रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे मिळाली; अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल मिळाले. साधारण सहा वर्षांत शेकडो बंदिशी त्यांच्या संग्रही जमल्या. बाहेर हेच मिळवायचे तर आयुष्य गेले असते.

मिळाले त्याहून मोठे काय?

बंदिशींपेक्षाही एक मोठी गोष्ट त्यांना मंडळीत मिळाली. तिथे वेगवेगळ्या परंपरांचे गवई एकाच छताखाली ऐकायला मिळत. एकाच गुरूकडे शिकणाऱ्याला गुरूचा राग तोच खरा राग वाटतो. दोन-तीन गुरूंकडे ऐकणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्न उभा राहतो : एकाच रागात एक जण कोमल स्वर घेतो, दुसरा घेत नाही, असे का? यातले नियम कोणते आणि सवयी कोणत्या? हा प्रश्न भातखंडे यांना आयुष्यभर पुरला.

छंदाच्या मंडळात जाण्याचा हाच मोठा फायदा असतो. घरी एकटा माणूस भरतकाम करतो, तिकिटे जमवतो, पेटी वाजवतो, तेव्हा आपली चूक आपल्याला दिसत नाही आणि आपले चांगले काय तेही कळत नाही. शेजारी त्याच वेडाची दुसरी माणसे बसली की दोन्ही कळते.

पण वर्गणीचे काम कोठे संपते, हेही याच गोष्टीत दिसते. मंडळीत जेवढे मिळण्यासारखे होते तेवढे मिळाल्यावर भातखंडे तिथेच बसून राहिले नाहीत. १९०० साली त्यांच्या पत्नी वारल्या, १९०३ साली एकुलती एक मुलगी गेली. घर असे रिकामे झाल्यावर वकिली हळूहळू सुटली आणि तरुणपणी हौस म्हणून धरलेली गोष्ट हाच त्यांचा आधार झाला. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, नंतर कलकत्ता, हैदराबाद, मग काशी, दिल्ली, जयपूर असे देशभर फिरले. ग्रंथालये धुंडाळली, पंडितांशी वाद घातले, गवयांच्या पायऱ्या झिजवल्या. काही दारे अशी होती की ती कोणत्याच मंडळाच्या पावतीने उघडली नसती. रामपूरला त्यांनी नवाब हामिद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले, तेव्हा तिथला ठेवा त्यांच्यासाठी खुला झाला.

थोडक्यात, मंडळ हे पहिले दार. पुढची दारे स्वतः ठोठवावी लागतात. मंडळात नाव घातले म्हणजे विद्या आपोआप येईल, असे समजून वर्गणी भरणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

कैसरबागेतले खुले दार

आता लखनौकडे वळू. आपल्याला जे एवढ्या कष्टाने मिळाले ते पुढच्यांना सहज मिळावे, म्हणून भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपातला ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी जमवलेल्या बंदिशी छापून निघाल्या. ज्या बंदिशीसाठी एखाद्याने बारा वर्षे हुक्का भरला असता, ती आता पुस्तकाच्या किमतीत कोणालाही मिळू लागली.

१९१६ साली सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. मग दिल्ली, काशी आणि त्यानंतरच्या दोन परिषदा लखनौला. नुसत्या परिषदा भरवून भागणार नाही, शिकवणारी शाळा हवी, या विचारातून १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले. संयुक्त प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांनी यासाठी मोठी खटपट केली. तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव कॉलेजला देण्यात आले.

नवाब वाजिद अली शाहच्या या शहरात ठुमरी, कथक, सतार यांना तोटा नव्हता. पण ते सारे महफिलीत नाही तर उस्तादाच्या घरी. आता बाबूचा मुलगा, मास्तरांची मुलगी, दुकानदाराचा भाऊ नाव नोंदवून वर्गात बसू शकत होते. मुंबईच्या मंडळीत एका वकिलाला जे मिळाले होते, तेच आता वर्ग आणि परीक्षांच्या रूपाने सगळ्यांसाठी मांडले गेले.

१९२८ साली भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर कॉलेजचे प्रमुख झाले आणि पुढची कितीतरी वर्षे त्यांनी ते सांभाळले. त्यांच्याकडे शिकायला बेळगावजवळच्या बैलहोंगलचे कृष्णा गिंडे १९३६ साली आले, तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. पुढे ते के. जी. गिंडे या नावाने विद्वान गायक आणि गुरू म्हणून ओळखले गेले. लखनौचेच तलत महमूद या कॉलेजात शिकले आणि त्यांचा मखमली आवाज घराघरांत पोहोचला. संगीतकार रोशन हेही इथलेच विद्यार्थी.

भातखंडे १९ सप्टेंबर १९३६ रोजी गेले. १९६६ साली उत्तर प्रदेश सरकारने कॉलेज आपल्याकडे घेतले आणि त्याला भातखंडे यांचे नाव दिले. २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ झाले.

अर्थात, या वर्गांतून दरवर्षी बाहेर पडलेले सगळेच गायक झाले नाहीत. बहुतेक जण नोकरीला लागले, संसारात रमले. मग त्यांचे पैसे फुकट गेले का? संध्याकाळी रेडिओवर राग लागला की ज्यांना तो ओळखता येतो, नातवाच्या तंबोऱ्याची तार उतरली की ज्यांच्या कानाला टोचते, त्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. तानसेन नाही झाला तरी कानसेन झालेला माणूस तोट्यात गेला, असे कोण म्हणेल?

पतंगाला पावती लागत नाही

याच लखनौची दुसरी बाजूही पाहायला हवी. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत जमघट असतो. सारे शहर गच्चीवर चढते आणि आकाश पतंगांनी भरून जाते. पेच कसा घ्यावा, ढील कधी द्यावी, कधी खेचावे, हे शिकण्यासाठी तिथल्या पोराला कोणत्याही मंडळाचे सभासद व्हावे लागत नाही. काका असतो, शेजारच्या गच्चीवरचा मोठा मुलगा असतो. चार पतंग कापले गेले की पाचवा टिकतो.

विद्या अशी उघड्यावर, गच्चीवर असेल तिथे वर्गणी कशाला भरायची? आपल्याकडेही रांगोळी, विणकाम, बागकाम यांतले कितीतरी शेजारणीकडून, आजीकडून फुकट आणि प्रेमाने शिकता येते. त्यासाठी महागडे सभासदत्व घेणे म्हणजे घरात विहीर असताना पाणी विकत आणणे. पैसे मोजावेत ते जिथे एकट्याला पोहोचता येत नाही तिथे : मोठा गुरू, महागडे साधन, दुर्मीळ पुस्तके, प्रवासाची सोय किंवा त्याच वेडाची माणसे.

भरण्यापूर्वी पाच प्रश्न

वर्गणीचा कागद समोर आला की पुढचे पाच प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत.

पहिला : हे बाहेर मिळते का? नुसती पुस्तकेच हवी असतील तर सार्वजनिक वाचनालय पुरेसे असते. कैसरबागेत तर विद्यापीठाच्या परिसरातच अमीरुद्दौला सार्वजनिक वाचनालय आहे. मंडळ जे देते ते वाचनालयात, शेजारी किंवा घरी मिळत असेल तर घाई करू नये.

दुसरा : आधी पाहुणा म्हणून जाता येते का? मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ हौशी मंडळींनी सुरू केली. १९०८ साली एक शाळकरी मुलगा पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन ती कोणती हे विचारायला तिथे गेला. तो सभासद नव्हता. पण तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला चिमणीचे नाव सांगितले, संग्रहातले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे पुढचे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. परक्या मुलाशी जे मंडळ असे वागते तिथे खुशाल वर्गणी भरावी. जिथे पावती फाडल्याशिवाय कोणी नीट बोलतही नाही, तिथून नमस्कार करून निघावे.

तिसरा : वर्षातून किती वेळा जाणे होईल? वर्गणी वर्षाला चोवीसशे रुपये आहे असे समजा. महिन्यातून दोनदा गेले तर प्रत्येक खेपेला शंभर रुपये पडतात. वर्षातून चारदाच गेले तर तीच खेप सहाशेला पडते. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची पथ्ये, येण्याजाण्याचे रिक्षाभाडे हे सारे धरून हिशेब करावा. उत्साहाच्या भरात आजीव सभासद होण्यापूर्वी निदान एक वर्ष साधे सभासद राहावे. हौस टिकते का आणि मंडळही टिकते का, हे दोन्ही कळते.

चौथा : पैसा जातो कोठे? नोंदणी झालेल्या संस्थेत वार्षिक सभा होते, हिशेब मांडला जातो. तो वाचायला लाजू नये. शिक्षक, साधने, पुस्तके यांवर खर्च होतो की हारतुऱ्यांवर आणि चहाफराळावर, हे दोन पाने चाळली तरी समजते. कधी कधी वर्गणी म्हणून वाटते ती वर्गणी नसतेच. टपाल खात्याकडे तिकीट संग्रहासाठी खाते उघडताना भरलेले पैसे ही अनामत असते. त्यातूनच नवी तिकिटे घरी येतात. मुलांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. २०१७ साली टपाल खात्याने सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी तिकीट संग्रहाची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचे सभासदत्व किंवा स्वतःचे असे खाते लागते. इथे सभासदत्व पैसे मिळवूनही देऊ शकते.

पाचवा आणि सगळ्यात महत्त्वाचा : आपण काय देणार? भातखंडे मंडळीतून जे घेऊन गेले ते त्यांनी पुस्तकांतून आणि लखनौच्या वर्गांतून परत केले, तेही शेकडो पटींनी. प्रत्येकाला एवढे जमणार नाही. पण खुर्च्या मांडणे, नव्या बाईला पहिला पलटा शिकवणे, आपल्याकडची जुनी वही दुसऱ्याला वाचायला देणे, एवढे कोणालाही जमते. नुसते घ्यायला येणाऱ्याला काही दिवसांत मंडळ कंटाळवाणे वाटू लागते. जो काही देतो त्याला तिथे आपले माणूस म्हणून जागा मिळते.

नाही म्हणण्यातही शहाणपण

पाचही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिल्यावर ‘यंदा नको’ असे ठरले तर त्यात कमीपणा नाही. घरात लहान मूल असेल, कोणी आजारी असेल, हात आखडता असेल, तर वर्षभर थांबता येते. छंद रुसून बसत नाही. मात्र ‘यंदा नको’ आणि ‘मला काय करायचंय’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात हिशेब आहे. दुसऱ्या वाक्यात माणूस स्वतःलाच घरखर्चाच्या वहीतून वगळत असतो.

घरातल्या इतरांनीही एवढे जरूर पाहावे की वर्गणीच्या ओळीवर दरवर्षी एकाच माणसाच्या नावाची काट तर पडत नाही ना? यंदा बाबांच्या मंडळाची भरली असेल तर पुढच्या वर्षी आईच्या मंडळाची आधी भरावी. मुले मोठी होऊन आपापल्या वाटेने जातात, नोकरीतून निवृत्ती येते, कधी कधी घर अवेळीच रिकामे होते. अशा वेळी चोविसाव्या वर्षी हौसेने धरलेली गोष्ट माणसाला सावरते, हे वाळकेश्वरच्या त्या वकिलाच्या बाबतीत घडले. त्यांचा छंद पुढे त्यांच्या एकट्याचाही राहिला नाही.

तेव्हा या मार्चमध्ये ती शेवटची ओळ लिहिताना पेन्सिल वापरावी. काट मारण्याआधी एक संध्याकाळ मंडळात जाऊन बसावे आणि घरी परतताना मनात काही घोळत राहते का, ते पाहावे. घोळत राहिले, तर त्या ओळीवर निश्चिंतपणे शाई फिरवावी.